‘भाडेकरू’ : कायद्याची संज्ञा आणि वाङ्मयातील माणूस

१

एखाद्या माणसाला राहत्या घरातून बाहेर काढावयाचे असेल, तर त्याचे सामान रस्त्यावर ठेवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावी लागते. ज्या नावाने तो त्या घरात राहण्यास अधिकारी ठरला, ते नाव त्याच्याकडून काढून घ्यावे लागते. तो ‘भाडेकरू’ असेल तोवर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. तो ‘पोटभाडेकरू’, ‘परवानाधारक’ किंवा ‘अतिक्रमक’ ठरला की तोच कायदा त्याच्याकडे पाठ फिरवितो. निवाऱ्याच्या टंचाईचा विचार अर्थशास्त्राच्या आणि नगररचनेच्या अंगाने पुष्कळ झालेला आहे. परंतु ह्या प्रश्नाला भाषेचेही एक अंग आहे, आणि ते गौण नाही. मुंबई शहरातील भाडेनियंत्रणाच्या इतिहासात माणसे आधी शब्दातून निघाली आणि मग खोलीतून, असे दाखविता येण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखात ह्या विधानाची तपासणी प्रथम शब्दाच्या घडणीवरून, नंतर अधिनियमाच्या भाषेवरून आणि शेवटी मराठीतील तीन वाङ्मयकृतींवरून करावयाची आहे.

२

भाडे देऊन दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्यासाठी मराठीत ‘बिऱ्हाडकरू’ आणि ‘भाडेकरू’ हे दोन शब्द बराच काळ बरोबरीने वावरले. ‘बिऱ्हाड’ म्हणजे संसार, चूल, माणसांचा मेळा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो तेव्हा त्या शब्दातील फिरतेपण जाणवते. परंतु ‘बिऱ्हाडकरू’ हा शब्द माणसाला त्याच्या संसारावरून ओळखतो एवढे निश्चित. ‘भाडेकरू’ त्याला त्याच्या देण्यावरून ओळखतो. ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ ह्या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आलेला असून, त्याच्या पोटी ‘भाडोत्री’ हे निंदाव्यंजक विशेषणही जन्मले आहे. वाड्यात आणि चाळीत बोलताना लोकांनी दोन्ही शब्द वापरले. शासनव्यवहाराने आणि न्यायालयांनी मात्र दुसराच उचलला. करारातील मोबदला ज्याने व्यक्त होतो तोच शब्द कायद्याला सोयीचा, हे उघड आहे. पण ह्या निवडीत संसाराचा अर्थ बाहेर राहिला आणि व्यवहाराचा आत आला.

ह्या निवडीचे महत्त्व शेतजमिनीच्या कायद्याशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होते. मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम १९४७ सालचा. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ सालचा. एकाच प्रांताच्या विधिमंडळाने एका वर्षाच्या अंतराने केलेले हे दोन कायदे. दोहोंचा हेतू दुसऱ्याच्या मालमत्तेवर जगणाऱ्यास अभय देण्याचा होता. जमीन कसणाऱ्यासाठी मराठीत ‘कूळ’ हा शब्द आधीपासून रुळलेला होता. तो संस्कृत ‘कुल’ शब्दाचेच रूप असल्याने कुळाचार, कुळस्वामिनी, कुळकथा ह्या शब्दांच्या सोबतीने नांदतो आणि पिढ्यांचे सातत्य सुचवितो. १ एप्रिल १९५७ ह्या दिवशी कायद्याने कुळाला, काही अपवाद वगळता, कसत असलेल्या जमिनीचा खरेदीदार मानले. शहरातील भाडेकरूला अशी मालकी १९४७ च्या कायद्याने कधीच देऊ केली नाही. हा भेद केवळ शब्दामुळे पडला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तथापि ज्या समाजाच्या भाषेत कूळ हे मुळाशी आणि भाडेकरू हा पावतीशी जोडलेला आहे, त्या समाजाला एकाची मालकी स्वाभाविक आणि दुसऱ्याची विपरीत वाटावी, ह्यात आश्चर्य नाही.

तरीही कुळाच्या नावानेही सर्वांना तारले नाही. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर ह्यांनी ह्या कूळकायद्याच्या अंमलबजावणीची केलेली पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५७ साली प्रसिद्ध केली. संरक्षण लागू असतानाही जमिनी मोठ्या प्रमाणावर मालकांकडे परत गेल्या, आणि त्यांतील बऱ्याचशा कागदोपत्री कुळांनी ‘स्वेच्छेने’ सोडून दिलेल्या होत्या, ही गोष्ट त्या पाहणीने पुढे आणली. जमीन सोडल्याच्या लेखाला महसुली मराठीत ‘राजीनामा’ म्हणत. फारसी ‘राजी’ म्हणजे संमत. बलवंताच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडून मिळविलेल्या अंगठ्यालाही भाषा संमतीचेच नाव देते. ‘बेदखल’ हा शब्दही असाच बोलका आहे. ‘दखल’ म्हणजे प्रवेश, कबजा. आणि आजच्या मराठीत दखल म्हणजे नोंद घेणे. ज्याची दखल घेतली गेली नाही तो बेदखल होतो, हा अर्थसंक्रम कोशकारापेक्षा तलाठ्याच्या दप्तराने अधिक घडविला असावा.

३

मुंबईत घरभाड्यावर पहिले निर्बंध १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा घालावे लागले. १९४१ ते १९५१ ह्या दशकात मुंबई शहराची वस्ती सुमारे १५ लाखांवरून सुमारे २३ लाखांवर गेली. युद्धकाळातील रोजगार आणि फाळणीनंतरचे निर्वासित ह्यांच्या लोंढ्यापुढे घरे अपुरी पडली. मागणी एवढी प्रचंड असता जुन्या भाडेकरूला काढून नव्याकडून अधिक रक्कम घेणे मालकाला सर्वथैव लाभाचे होते. १९४७ च्या अधिनियमाने ह्या लाभाला दोन बांध घातले. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे सामान्यतः ‘प्रमाण भाडे’ ठरले. आणि ते देण्यास जो तयार व राजी आहे त्याच्याकडून, कायद्याने सांगितलेल्या कारणांवाचून, ताबा घेता येणार नाही असे ठरले. कारणांची यादी दिली. मालकाने स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितल्यास दोघांपैकी कोणाची अडचण मोठी, हे न्यायालयाने पाहावे असेही सांगितले. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबीयास ‘भाडेकरू’ ह्या संज्ञेतच सामावून घेतले. बिऱ्हाडाचा जो अर्थ शब्दाने टाकला होता, तो ह्या व्याख्येच्या पोटकलमातून परत आला, असे म्हणता येईल.

परंतु संरक्षण एकदा शब्दाला बांधले की त्या शब्दाला वळसा घालण्याचे मार्ग निघतात. पहिला मार्ग पागडीचा. पागडी हे मूळचे डोक्यावरचे वस्त्र, मानाचे चिन्ह. मुंबईच्या व्यवहारात मालकाने वा जागा सोडणाऱ्याने भाड्याशिवाय घेतलेल्या रकमेला हे नाव मिळाले. १९४७ च्या कायद्याने असे अधिमूल्य घेणे हा गुन्हा ठरविला. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ह्याने भाडेहक्काच्या हस्तांतरणाबद्दल मोबदला घेण्यास मुभा दिली. अर्धशतकभर सर्वांच्या तोंडी असलेला, आणि तरीही कागदावर न येणारा, हा शब्द अखेर ‘मोबदला’ होऊन कायद्यात शिरला.

दुसरा मार्ग पोटभाडेकरूचा. ‘पोट’ हे उपपद मराठीत मोठ्याच्या आतले लहान असे सुचविते : पोटजात, पोटकलम, पोटखराबा. १९४७ च्या कायद्याने पोटभाड्याने देण्यास सामान्यतः मनाई केली. मनाईने पोटभाडेकरू नाहीसे झाले नाहीत. ते केवळ अदृश्य झाले. शेवटी २१ मे १९५९ ह्या दिवसापूर्वी ताब्यात असलेल्यांना अभय द्यावे लागले. तिसरा मार्ग सर्वांत चतुर. कागदावर ‘भाडे’ आणि ‘भाडेकरू’ हे शब्दच येऊ न देता ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार करावयाचा, भाड्याला परवाना शुल्क म्हणावयाचे, राहणाऱ्याला परवानाधारक. खोली तीच, चूल तीच, महिन्याच्या आरंभी द्यावयाची रक्कमही तीच. शब्द तेवढे बदललेले. १९७३ च्या दुरुस्तीने विधिमंडळाने ह्या युक्तीला तिच्याच भाषेत उत्तर दिले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराखाली जे परवानाधारक राहत्या जागेच्या ताब्यात होते, त्यांना कायद्याने भाडेकरू मानले.

येथे ‘मानीव’ ह्या शब्दाकडे लक्ष दिले पाहिजे. नेहमीच्या मराठीत मानीव म्हणजे कल्पिलेले, खरे नसलेले. कायद्याच्या मराठीत मात्र ते खऱ्याइतकेच, किंबहुना अधिक, समर्थ असते. शब्द उच्चारल्याने वस्तुस्थितीच बदलते अशा वाक्यांचा विचार जे. एल. ऑस्टिन ह्यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाभ्यासात रूढ आहे. ‘मानीव भाडेकरू’ हे त्याचे मुंबईतील ठळक उदाहरण होय. एका वाक्याने असंख्य बिऱ्हाडांची निष्कासनाची भीती गेली. परंतु त्याच वाक्यातील तारखेने दुसरी रेषा ओढली. २ फेब्रुवारीला शेजारच्या खोलीत आलेला माणूस त्याच भिंतीआड, तेवढेच पैसे देऊन, निराळ्या नावाने राहू लागला.

१९९९ चा अधिनियम ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. तो ह्या दृष्टीने वाचण्याजोगा मजकूर आहे. त्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. तसा नसल्यास ज्या अटींवर जागा दिली गेली त्यांबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावयाचे. म्हणजे तोंडच्या शब्दाला येथे मान आहे. त्याच अधिनियमाच्या २४ व्या कलमात मात्र परवान्याचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला आहे. मुदत संपताच परवानाधारकाने जागा रिकामी करावयाची, न केल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावयाची, आणि मालकाने दाद मागावयाची ती सक्षम प्राधिकाऱ्यापुढे. एका कलमात बोलणारा माणूस कागदाहून मोठा, दुसऱ्यात कागद माणसाहून मोठा. ह्या दोन कलमांमधून नवागतांची वाट दुसऱ्या कलमाकडे वळली, आणि अकरा महिन्यांचा करार ही शहरी जीवनाची कालगणना होऊन बसली. कोणालाही घोळक्याने हाकलावे न लागता, दर अकरा महिन्यांनी एकेकाला जाण्यास सांगण्याची सोय झाली. सामुदायिक निष्कासनाचे हे विखुरलेले रूप डोळ्यांत भरत नाही, कारण त्याला नाव नाही.

ज्यांना ह्यांतील कोणतेही नाव मिळाले नाही त्यांची गत १९८१ साली दिसली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मुंबईतील पदपथवासीयांना हलविण्याची मोहीम राज्यशासनाने उघडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ओल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निकालाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. पदपथावर राहणारा गुन्हेगारी हेतूने नव्हे तर नाइलाजाने तेथे राहतो हेही न्यायालयाने नमूद केले. मात्र रीतसर सूचना देऊन त्यांना हटविण्याचा पालिकेचा अधिकार उचलून धरला. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, असे निकालात आहे. येथेही रक्षण झाले ते नोंदीचे.

४

आता वाङ्मयाकडे वळू. कायद्याने ज्याला संज्ञा केले, त्याचे मराठी लेखकांनी काय केले?

पु. ल. देशपांडे ह्यांचे ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) हे पुस्तक चाळसंस्कृतीचे चित्र म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ह्या विनोदाचा एक आधार समीक्षेत सहसा सांगितला जात नाही. त्या विनोदाला तीच तीच माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या कानाशी, नाकाशी आणि नळाशी राहावी लागतात. पात्रे निघून गेली तर त्यांच्या लकबींची पुनरावृत्ती होणार नाही, आणि पुनरावृत्तीवाचून ह्या जातीचा विनोद उभा राहत नाही. पात्रांना जागच्या जागी ठेवणारी जी शक्ती, ती भाडेनियंत्रणाची. कायदा पुस्तकात पात्र म्हणून येत नाही. तो रंगमंचाच्या फळ्यांसारखा पायाखाली आहे. ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ ह्या प्रकरणाचे शीर्षक संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन करते हे सर्वश्रुत आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की, चाळकऱ्यांची मागणी गच्चीची आहे, खोलीची नाही. खोली जाण्याचे भय ज्याला नाही तोच गच्चीसाठी समिती नेमू शकतो. चळवळीचा विनोद करता येतो, कारण हरल्याने कोणी रस्त्यावर येणार नाही. शेवटच्या चिंतनात सूर उतरतो आणि सरत्या जीवनाची हुरहूर दाटते; ती नावाने सुरक्षित असलेल्यांची हुरहूर आहे. हे उणे म्हणून सांगावयाचे नाही. त्या पुस्तकातील मायेला कोणती भूमी लाभली होती, ते ओळखले म्हणजे ती माया किती दुर्मिळ होती हेही कळते.

बाबूराव बागूल ह्यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ह्या संग्रहातील शीर्षककथा ह्याच्या नेमक्या उलट टोकाला उभी आहे. रेल्वेच्या नोकरीवर परगावी आलेला दलित तरुण राहण्यास जागा शोधतो, आणि जागेआधी त्याला त्याची जात विचारली जाते. तो जात लपवितो. ती उघड होताच त्याला मार खावा लागतो. ही कथा जातिव्यवस्थेवरील कथा म्हणून वाचली जाते. ती भाडेकरूचीही कथा आहे, हे ध्यानात घेतल्यास तिचा आणखी एक पदर उलगडतो. मुंबईचा असो वा अन्य प्रांताचा, भाडेनियंत्रणाचा कायदा ताब्यात असलेल्यालाच ओळखतो. उंबऱ्याबाहेर उभे राहून जागा मागणाऱ्यासाठी त्याच्यात शब्द नाही. निष्कासनाविरुद्धची सगळी कलमे सुरू होतात ती प्रवेशानंतर. ज्याचा प्रवेशच नाकारला गेला त्याचे निष्कासन कोणत्याही न्यायालयात नोंदले जात नाही. बागूलांचा नायक जात चोरतो ती ‘भाडेकरू’ हे नाव मिळविण्यासाठी. आणि त्या नावापूर्वी आणखी एक नाव तपासले जाते, हे सत्य ही कथा ज्या तीव्रतेने सांगते तसे अधिनियमाची कोणतीही टीका सांगू शकलेली नाही. बटाट्याच्या चाळीतील बिऱ्हाडे खोल्यांत आली कशी, हा प्रश्न त्या चाळीच्या वाचकाला पडत नाही. बागूल वाचल्यानंतर तो पडू लागतो.

जयंत पवार ह्यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक ह्या दोहोंच्या मधल्या जागेत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात दोन लाखांहून अधिक गिरणी कामगार उतरले, आणि त्यांतील पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. नाटकातील गिरणगावचे कुटुंब खोलीत आहे. खोलीने ज्याच्या बळावर अर्थ धारण केला होता ती मजुरी गेली आहे. भाडे देण्यास ‘तयार व राजी’ असणे ही संरक्षणाची अट कायद्याने मनाची अवस्था म्हणून मांडली. ती खिशाचीही अवस्था आहे, हे संपानंतरच्या गिरणगावाने दाखविले. शीर्षकाचा शब्द येथे अर्थगर्भ आहे. ज्याच्या पायाखालची जमीन गेलेली नाही आणि तरी ज्याला टेकण्यास आधार उरलेला नाही, तो अधांतरी. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. जुन्या चाळींचे रहिवासी ‘संक्रमण शिबिरा’त गेले, आणि त्यांतील कित्येकांचे संक्रमण पिढीभर लांबले. ‘संक्रमण’ म्हणजे ओलांडून पलीकडे जाणे. ह्या प्रयोगात पलीकडचा तीर वगळलेला आहे.

५

वरील विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळून चालणार नाही. संरक्षण एवढे मोलाचे होते तर त्याच्या छायेतील इमारती कोसळल्या का? १९४० च्या भाड्यात भिंतीची डागडुजीही होईना. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, आणि १९६९ साली शासनाला उपकर लावून दुरुस्ती मंडळ उभारावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये, गोठविलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. सर्व मालक धनवान नव्हते, हेही खरे. वाङ्मयाने घरमालकाला बहुधा विनोदाचा किंवा द्वेषाचा विषय केला आणि त्याचे अंतरंग उघडले नाही, ही मराठी कथेची एक उणीवच मानली पाहिजे.

पण ह्या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष नीट तपासावा लागतो. दोष संरक्षण देण्यात नव्हता. ते एका तारखेला आणि एका संज्ञेला खिळवून ठेवण्यात होता. भाडे १९४० ला खिळले, आणि भाडेकरू १९५९ किंवा १९७३ ला. तारखेच्या आतल्यांना कायद्याने एवढे दिले की त्यांच्या नावालाच बाजारभाव आला, आणि बाहेरच्यांना काहीच दिले नाही. त्यामुळे आतला आणि बाहेरचा ह्यांचे हित एकमेकांविरुद्ध उभे राहिले. अडचण कोणाची मोठी हे तोलण्याचे जे तत्त्व १९४७ च्या कायद्यात होते आणि १९९९ च्या कायद्यात टिकले, तेच त्यांतील सर्वांत मानवी तत्त्व होय. ते माणसाचे नाव विचारीत नाही, त्याची स्थिती विचारते. परवानाधारकाच्या वाट्याला मात्र ते येत नाही.

भाषाभ्यासकाला येथे एक विसंगती नोंदविता येते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला कागद परवानाधारक म्हणतो. पण त्याला ठेवून घेणारा मालक, त्याच्या शेजारची गृहिणी, त्याला जागा दाखविणारा दलाल, सगळे त्याला भाडेकरूच म्हणतात. आणि तो देतो त्याला भाडेच म्हणतात. इतकेच नव्हे, पोलीस ठाण्यात त्याची माहिती कळवावयाची असते तेव्हा शासनाचा अर्जही त्याला ‘भाडेकरू’ म्हणतो. त्याच्यावर नजर ठेवावयाची असली की तो भाडेकरू ठरतो, आणि त्याने अभय मागितले की परवानाधारक. लोकांच्या बोलण्याने त्याचे नाव अद्याप काढून घेतलेले नाही. कायद्याची व्याख्या पुन्हा केव्हा लिहिली जाईल, तेव्हा ती लिहिणाऱ्यांनी ही साक्ष विचारात घेणे उचित ठरेल.